हवेली तालुक्यात हवेली कुठे आहे?

पुण्याच्या धायरीत घर घेतलेल्या एका मैत्रिणीने दस्त समोर धरून विचारलं, "वर 'सह दुय्यम निबंधक, हवेली' असं छापलंय. कार्यालय भर शहरात, घर धायरीत. मग ही हवेली कोणाची? आणि आहे कुठे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पुणे जिल्ह्यातल्या इतर तालुक्यांची नावं घ्या. जुन्नर, शिरूर, दौंड, इंदापूर, बारामती, भोर ही सगळी नांदती गावं. पुरंदर हा किल्ला, मावळ हा सह्याद्रीच्या कुशीतला मुलूख. हवेली मात्र ना गाव, ना गड, ना खोरं. तालुक्याचा नकाशा पालथा घातला तरी त्या नावाची वस्ती सापडत नाही.

सहसा ऐकू येणारं उत्तर असं, की पूर्वी कोण्या सरदाराची टोलेजंग हवेली इथे असणार, तिच्यावरून हे नाव पडलं. काहीजण थेट लाल महालाकडे बोट दाखवतात. मला हे उत्तर मुळीच पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

अरबीत 'हवाली' म्हणजे भोवतालचा प्रदेश. आपले हवाला आणि हवालदार हे शब्दही त्याच धातूपासून आलेले. फारसी राज्यकारभारात 'हवेली' ही महसुलाची संज्ञा झाली : कारभाराचं ठाणं असलेल्या शहराला लागून असलेला, त्याच ठाण्यावरून ज्याचा वसूल पाहिला जाई असा मुलूख. अकबराच्या काळातली 'आईन-ए-अकबरी' उघडली की सुभ्यामागून सुभ्यात 'हवेली' नावाचे महाल भेटतात. (महाल म्हणजे इथे महसुलाचा घटक, राजवाडा नव्हे.) दिल्लीच्या सरकारात तर जुनी हवेली आणि नवी हवेली असे दोन वेगळे महाल आहेत आणि दोन्हींपुढे वसुलाचे आकडे मांडलेले आहेत. (सरकार म्हणजे इथे सुभ्याचा विभाग, आजच्या अर्थाने नव्हे.) एखाद्या वाड्याचा शेतसारा कोण मोजेल? शेतसारा मोजला जातो तो जमिनीचा.

पुण्याची गोष्ट हीच. मराठी कागदांत गावाचा पत्ता 'मौजे अमुक, तर्फ हवेली, प्रांत पुणे' अशा उतरंडीने येतो. तर्फ म्हणजे काही गावांचा महसुली गट, मौजे म्हणजे शेतीचं गाव, कसबे म्हणजे परगण्याचं मुख्य, बाजाराचं गाव. म्हणून 'कसबे पुणे', आणि त्या कसब्याच्या अवतीभवतीची गावं ती तर्फ हवेली. पुढे इंग्रजी अमलात तालुके आखले गेले तेव्हा हे नाव तसंच उचललं गेलं. आजही तालुक्याचा आकार पाहा. पुणे शहराचा तालुका वेगळा आहे आणि हवेली त्याच्याभोवती पसरलेली आहे.

शहराच्या भोवतालासाठी स्वतंत्र शब्द लागतो, ही गरज काही पुण्यापुरती नाही. अहमदाबादेला लागून दसक्रोई नावाचा तालुका आहे. त्यातला 'क्रोई' म्हणजे कोस. शहराभोवतालचा दहा कोसांचा टापू, तो दसक्रोई. तिथे अंतर मोजून नाव दिलं, आपल्याकडे नुसता भोवताल सांगितला. आंध्रच्या किनाऱ्यावर, ज्याला उत्तर सरकार म्हणत त्या मुलखात, ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत 'हवेली जमिनी' येतात. जमीनदारांकडे न गेलेल्या, थेट सरकारी व्यवस्थेखालच्या त्या जमिनी. तिथे भोवतालाचा अर्थ मागे पडला आणि थेट वसुलीचा पुढे आला.

आणि अगदी जवळचं उदाहरण आपल्या तालुक्यातच आहे. सिंहगडाच्या पायथ्याशी एका महसुली गावाचं नाव 'घेरा सिंहगड' आहे. पुरंदराला तसाच 'घेरा पुरंदर'. गडाखालची, गडाच्या बंदोबस्तात धरली जाणारी वस्ती आणि जमीन म्हणजे घेरा. गडाला घेरा असतो तशी शहराला हवेली. एक मराठी, एक फारसी वाटेने आलेला, पण कारभाराची नजर तीच : मधलं ठाणं आणि त्याला धरून असलेला मुलूख.

यावर एक आक्षेप आला : 'मग हवेली म्हणजे मोठं घर, हा अर्थ चुकीचा का?' नाही, तोही खराच आहे. राजस्थानात शेखावाटीतल्या व्यापाऱ्यांच्या चित्रांनी भरलेल्या हवेल्या आहेत. पुष्टिमार्गी वैष्णवांच्या मंदिरालाही हवेलीच म्हणतात, 'हवेली संगीत' हा शब्द त्यातूनच आला. पुण्यात मात्र मोठ्या घराला वाडा हा शब्द इतका पक्का बसला होता (शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, नाना वाडा) की हवेलीला घराच्या अर्थाने इथे जागाच उरली नाही. ती राहिली कचेरीत. त्यामुळे आज पुणेकराला हा शब्द दोनच ठिकाणी भेटतो, सातबाऱ्यावर आणि खरेदीखतावर. मूळ अर्थ विस्मरणात गेला आणि हिंदी सिनेमातली हवेली मनात बसली.

दुसऱ्या एकाने दादरा-नगरहवेलीची आठवण करून दिली, फार बरं झालं. तिथेही कोणी हवेली शोधू नये, ते परगण्याचं नाव आहे. आणि त्या परगण्याचं पुण्याशी जुनं नातं आहे. मराठी आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगीजांचं 'सांताना' जहाज निकामी केलं. त्याच्या भरपाईपोटी आणि इंग्रजांविरुद्ध पोर्तुगीजांशी सलोखा राहावा म्हणून पेशव्यांनी १७७९ च्या तहात दरसाल बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं देऊ केली. नगरहवेली १७८३ मध्ये त्यांच्या हाती गेली. १९५४ मध्ये तो मुलूख मुक्त करायला जे स्वयंसेवक गेले त्यांत महाराष्ट्रातून गेलेले बरेच होते, गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांपैकीच. म्हणजे जो परगणा पुणे दरबाराने तहात दिला, तो सोडवायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी मराठी माणसं पुन्हा गेली. मला ही हकीकत शाळेच्या पुस्तकात यायला हवी असं मनापासून वाटतं.

राहता राहिला वापर. बातम्यांत 'हवेली येथे अपघात', 'हवेली येथील शेतकरी' असं सर्रास छापून येतं. हे चूक आहे. 'येथे' म्हणता येईल असं ठिकाणच नाही. 'हवेली तालुक्यात' लिहावं, नाहीतर सरळ गावाचं नाव द्यावं : 'मौजे डोणजे, ता. हवेली'. 'हवेली गाव' तर कधीच लिहू नये. बोलताना 'आमचं गाव हवेलीत आहे' म्हटलं तर चालतं, कारण तिथे मुलूखच अभिप्रेत आहे. 'मी मावळातला' म्हणतो, तसंच ते.