पेटकरांची गोष्ट सांगताना आधी गोळ्याच का, ३७.३३ सेकंद का नाहीत?

कृष्णाकाठ (सांगली)
परवा भाचीच्या शाळेत मुरलीकांत पेटकरांवर एका मुलीनं भाषण केलं. आपल्या जिल्ह्यातले, पेठ-इस्लामपूरचे पेटकर. १९६५ चं युद्ध, अंगात घुसलेल्या गोळ्या, निकामी झालेले पाय, सगळं आलं. शेवटी एक वाक्य, ‘पुढे त्यांनी सुवर्णपदक मिळवले.’ कशात मिळवलं, हे राहूनच गेलं. पोरीचा दोष नाही, आपण मोठी माणसंसुद्धा असंच सांगतो.

१९७२, जर्मनीतलं हायडेलबर्ग, पॅरालिम्पिक. ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम. भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये असं वैयक्तिक सुवर्ण यायला २००८ उजाडलं.

घाटावर पोहायला शिकलेल्यांना एक विचारतो. पायात जोर नसला की पाय खाली जातात आणि मागे ओढायला लागतात. अंग आडवं ठेवायचं आणि पुढंही काढायचं, दोन्ही कामं खांद्यांवर. दोन्ही पाय धड असलेल्या किती जणांना ५० मीटर ३७ सेकंदांत जमतं? माझं म्हणणं एवढंच, की पेटकर आधी पोहणारे म्हणून सांगा, मग जखमी जवान म्हणून.

अपशिंगेकर
पटलं नाही. मी २२ वर्षं फौजेत काढली, आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पेटकर ड्युटीवर होते म्हणून गोळ्या लागल्या. ते मागे ढकलायचं आणि सेकंद पुढे आणायचे? फौजेत ते बॉक्सर होते, हे तरी किती जणांना ठाऊक आहे? पोहणं आलं ते जखमी झाल्यावर, उपचारातून. १९६८ ला तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले, पोहण्याचं पदक त्यानंतरचं. गोळी काढली तर या गोष्टीला बूडच राहत नाही.

कराडची
मी फौजीभाऊंच्या बाजूनं, पण कारण वेगळं. पेटकरांनी १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. आजीवन कामगिरीचा अर्जुन हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे त्यांच्यावर सिनेमा येऊन गेल्यावर. ३७.३३ हा आकडा तर १९७२ पासून कागदावर होता की! आकड्यानं कुणी हललं नाही, गोष्टीनं हलले. आमच्या गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांचंही तेच. १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य, आणि अर्जुन मिळाला मरणोत्तर. तेव्हा गोष्ट मागे टाकू नका, लोक गोष्टीच ऐकतात.

एक पालक (सातारा)
मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, जन्मापासून डावा पाय गुडघ्याखाली नाही. गेल्या वर्षी एका स्पर्धेत त्याला सगळ्यांबरोबर उतरू दिलं. शेवटून दुसरा आला. काठाला हात लागला तशा टाळ्या सुरू झाल्या, लोक उभे राहिले, माझेही डोळे भरले. मग टायमिंग विचारायला गेलो. त्याच्या लेनवरच्या माणसानं घड्याळ दाबलंच नव्हतं. म्हणाला, ‘अहो, पोरानं पूर्ण केलं हेच मोठं आहे.’

मुलगा टॉवेल गुंडाळून शेजारीच उभा होता. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

पॅरा जलतरणात शारीरिक अपंगत्वाचे एस १ ते एस १० असे गट असतात. आकडा जितका लहान तितकी मर्यादा जास्त. दृष्टिहीन आणि अंधूक दिसणाऱ्यांसाठी पुढचे तीन, बौद्धिक अपंगत्वासाठी एस १४. आपल्या गटात आपण कुठं आहोत हे टायमिंगवरून कळतं, टाळ्यांवरून नाही. ताई म्हणतात लोक गोष्टी ऐकतात. खरं आहे. पण माझ्या मुलाची गोष्ट झाली आणि शर्यत राहिली.

कराडची
हे वाचून गप्प बसले. पुरस्कारांबद्दलचं मत अजून तेच आहे, पण त्या लेनवर घड्याळ दाबायलाच हवं होतं.

अपशिंगेकर
दादा, पोराला माझा सलाम सांगा. फायरिंगला कुणी ‘नेम धरलास हेच मोठं’ म्हटलं असतं तर मलाही झोंबलं असतं. तरी मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. भाषणात गोळी आधीच येणार, कारण ती आधी लागली. त्यापुढं ३७.३३ मात्र पाठ करून घ्या, मी आमच्या शाळेत करून घेतो.

कृष्णाकाठ (सांगली)
क्रम तुमचा, मान्य. दादा, मुलाचं टायमिंग मग कुणी घेतलं की नाही?

एक पालक (सातारा)
रविवारी मीच मोबाइलवर घेतलं. ५० मीटर, ४६ सेकंद. त्याला ते मान्य नाही, म्हणतो तुमचा अंगठा उशिरा पडला. उद्या पुन्हा जातोय.