पालकसभेत सगळ्यांसमोर गुण वाचले

पोरगी सहावीत. परवा बाईंनी सगळ्या पालकांसमोर तिचे गणिताचे गुण वाचले, ५० पैकी १७. हे द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीत अडकलेले, मी एकटीच गेलेले. पोरगी मान खाली घालून उभी. घरी येऊन जेवलीसुद्धा नाही. आता काय करू?
– तासगाव

ताई, रागावू नका, आधी पेपर मागून बघा. आमच्या पोराला पाढे पाठ होते, शाब्दिक उदाहरणंच उमगत नव्हती.
– विटा

मी निवृत्त शिक्षिका. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्गात रोजच्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्षभराच्या नोंदी बघायला मागा. आणि गुण एकट्या पालकालाच सांगा, हे बाईंना स्पष्ट बोला.
– मिरज

बोलले. बाईंनी ऐकलं. पेपर पाहिला, सगळं अपूर्णांकात गेलंय. द्राक्षाच्या चार किलोच्या पेटीचा पाव भाग किती विचारलं, तर पटकन म्हणाली, “एक किलो!”
– तासगाव