ओमर लिनारेसला मेजर लीगच्या शिक्क्याशिवाय थोर मानावे का?

धागा सुरू करणारे : पारावरचा

क्यूबाचा तिसऱ्या बेसवरचा बेसबॉलपटू ओमर लिनारेस याचा विषय निघाला, की "थोर खेळाडू, पण मेजर लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत) कधी खेळला नाही" हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यातला 'पण' आता काढून टाकावा, असे माझे मत आहे. तंबाखूसाठी नावाजलेल्या पिनार देल रियो प्रांतात, सान हुआन इ मार्तिनेस या गावी १९६७ साली जन्मलेला हा मुलगा १९८२ मध्ये, मिसरूड फुटण्याच्या वयात, क्यूबाच्या राष्ट्रीय मालिकेत उतरला. तेथे वीस हंगाम खेळून त्याने ४०४ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) काढले आणि ०.३६८ ची सरासरी राखली, म्हणजे दर हजार संधींमागे ३६८ हिट, अर्थात बेस गाठून देणारे यशस्वी फटके. बार्सिलोना १९९२ आणि अटलांटा १९९६ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याच्या नावावर आहेत. अटलांटाच्या अंतिम सामन्यात जपानच्या नोबुहिको मात्सुनाकाने तिन्ही बेसवर सहकारी उभे असताना होम रन मारून ६-६ अशी बरोबरी साधली, तेव्हा सुवर्णपदक हातचे जाते की काय अशी वेळ आली होती. अखेर क्यूबाने तो सामना १३-९ असा जिंकला आणि त्यात एकट्या लिनारेसचे तीन होम रन होते. एवढे करूनही त्याने अमेरिकेत जाऊन परीक्षा द्यायला हवी होती, हा आग्रह मला पटत नाही.

आकडेमोडे

आग्रह अमेरिकेचा नाही, तुलनेचा आहे. ज्या ०.३६८ चा आपण उल्लेख केला, त्यातील बहुतेक फटकेबाजी ॲल्युमिनियमच्या बॅटने झालेली आहे. क्यूबाच्या मालिकेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९९ पर्यंत हीच बॅट चालत होती आणि अटलांटातही तीच होती. चेंडू बॅटच्या मधोमध लागला नाही तरी धातूच्या बॅटवरून तो जोरात जातो, लाकडी बॅट मात्र तिथे दगा देते. शिवाय अटलांटात अमेरिकेने महाविद्यालयीन मुले पाठवली होती. सिडनी २००० मध्ये लाकडी बॅट आली, व्यावसायिकांना मुभा मिळाली, आणि अंतिम सामन्यात अमेरिकेचा पिचर (चेंडू फेकणारा) बेन शीट्स याने क्यूबाला एकही धाव करू दिली नाही, निकाल ४-०. पुढे २००२ ते २००४ या काळात लिनारेस जपानमध्ये चुनिची ड्रॅगन्सकडून खेळला, तिथेही त्याची फलंदाजी सामान्यच राहिली. त्याला वाईट म्हणण्याचे कारण नाही. पुरावा अपुरा आहे, एवढेच म्हणणे आहे.

पारावरचा

चुनिचीचा दाखला देताना त्याचे वयही सांगायला हवे होते. तो चुनिचीच्या नागोया शहरी पोहोचला तेव्हा चौतीस वर्षांचा होता आणि उमेदीची सगळी वर्षे मागे पडलेली होती. खेळाडूच्या शेवटच्या तीन हंगामांवरून आधीचे वीस हंगाम मोजायचे असतील, तर कोणाचीच धडगत नाही. १९९९ च्या मार्चमध्ये मेजर लीगमधील बाल्टिमोर ओरिओल्सचा संघ क्यूबाच्या राष्ट्रीय संघाशी खेळायला हवानाला आला होता, तेव्हा आठव्या डावात बरोबरी साधणारा फटका लिनारेसचाच होता. तो सामना अकराव्या डावात ओरिओल्सने ३-२ असा घेतला. मे महिन्यात बाल्टिमोरच्या मैदानावर क्यूबाने १२-६ अशी परतफेड केली. हे दोन्ही सामने मेजर लीगच्या संघाशीच झाले होते, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

आकडेमोडे

दोन प्रदर्शनीय सामन्यांवरून कारकीर्द ठरत नाही, हे आपणही मान्य कराल.

खारे वारे

बॅट आणि सरासरी यांच्या वादात एक गोष्ट बाजूला पडते आहे, ती म्हणजे तो गेला नाही की त्याला जाता आले नाही. अमेरिकी निर्बंधांमुळे क्यूबात राहून मेजर लीगशी करार करणे शक्यच नव्हते, त्यासाठी देश सोडून दुसरीकडे वास्तव्य दाखवावे लागे. आणि एकदा पळून गेलेल्याला परतीचा रस्ता जवळजवळ बंद असे. मेजर लीगमधील टोरोंटोचा संघ त्याला फक्त कॅनडातील सामन्यांत खेळवायला तयार होता, ही कथा रंगवून सांगितली जाते, मात्र अशा कथांवर मी फारसा भार टाकणार नाही. क्यूबाच्या राजवटीने त्याच्या राहण्याचे निष्ठा म्हणून कौतुक केले. त्याच राजवटीने १९९६ मध्ये शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) हेर्मान मेसा याच्यावर खेळाडूंचे करार जुळवणाऱ्या एजंटांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून बंदी घातली आणि १९९८ मध्ये ती उठवली. नुसत्या संशयावरून संघातील सहकाऱ्याची ही गत होत असताना, राहणाऱ्याच्या राहण्यात स्वेच्छा किती आणि धाक किती, हे बाहेरच्याने ठरवू नये. त्याला त्यागमूर्ती करणारे आणि त्याला घाबरट म्हणणारे, दोघेही माझ्या मते उतावळे आहेत.

आकडेमोडे

हा मुद्दा रास्त आहे, पण त्याने दर्जाचा प्रश्न सुटत नाही. युली गुरिएलचे उदाहरण घ्या. तोही इनफिल्डर (बेसांजवळचा क्षेत्ररक्षक), तोही क्यूबाच्या राष्ट्रीय संघाचा आधारस्तंभ. २०१६ मध्ये त्याने भाऊ लुर्देससह संघ सोडला, ह्यूस्टन ॲस्ट्रोजशी पाच वर्षांसाठी ४ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला, आणि २०२१ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ०.३१९ च्या सरासरीने अमेरिकन लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा, सरासरीत अव्वल फलंदाज ठरला. म्हणजे वय आड येतेच असे नाही.

पारावरचा

गुरिएलची पिढी लाकडी बॅटवर घडली. त्यात २०१३ मध्ये क्यूबाने परदेशी करारांना परवानगी दिली, म्हणून २०१४ मध्ये त्याला जपानच्या योकोहामा संघाकडून खेळता आले आणि ६२ सामन्यांत त्याने ०.३०५ ची सरासरी राखली. लिनारेसच्या हाती अशी पायरी फार उशिरा आली. गुरिएलवरून क्यूबाच्या खेळाचा कस सिद्ध होतो, लिनारेसचे अपयश नव्हे.

गल्ली क्रमांक दोन

कस मोजायचा तर रे ओर्दोनेसकडे पाहावे. क्यूबाच्या संघात शॉर्टस्टॉपची जागा मेसाची होती आणि ओर्दोनेसला त्याच्या मागे उभे राहावे लागे. १९९३ मध्ये बफेलोला विद्यापीठ स्पर्धेसाठी गेला असता तो पळाला आणि न्यूयॉर्क मेट्सकडून १९९७ ते १९९९ असे सलग तीन गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) मिळवून बसला. ज्या देशाचा दुसऱ्या पसंतीचा शॉर्टस्टॉप मेजर लीगमध्ये क्षेत्ररक्षणाची सर्वोच्च बक्षिसे नेतो, त्या देशाच्या पहिल्या पसंतीच्या थर्ड बेसमनवर संशय घेणे मला तरी जड जाते. क्षेत्ररक्षणाचा हातमोजा काही ॲल्युमिनियमचा नसतो.

आकडेमोडे

उदाहरण उत्तम आहे, पण अर्धे सांगितलेत. त्याच ओर्दोनेसची मेजर लीगमधील कारकिर्दीची सरासरी ०.२४६ आहे. हातमोजा समुद्र ओलांडून गेला, बॅट गेली नाही, आणि लिनारेसची कीर्ती प्रामुख्याने बॅटवर उभी आहे.

गल्ली क्रमांक दोन

ओर्दोनेस क्यूबातही फलंदाजीसाठी ओळखला जात नव्हता. जे मुळातच तोकडे होते ते तिकडेही तोकडेच राहिले, आणि जे अव्वल होते ते तिकडेही अव्वल ठरले. हाच न्याय लिनारेसला लावून पाहा.