मदत हवी आहे : बर्गनच्या पद्धतीचे माशांचे सूप फाटू नये म्हणून काय करावे?

नॉर्वेतील बर्गन शहरात घरोघरी होणारे माशांचे पांढरे सूप मला येत्या रविवारी सासरच्या मंडळींसाठी करायचे आहे. कॉडचे डोके व काटे, कल्ले काढून, गाजर, लीक आणि सेलरीच्या कंदाबरोबर मंद आचेवर जेमतेम अर्धा तास ठेवून गाळायचे, कारण जास्त उकळल्यास पाणी कडवट होते, इथपर्यंत काही शंका नाही.

अडचण पुढे आहे. लोणी-मैद्याने दाट केलेल्या या पाण्यात रोम्मे, म्हणजे तिथली घट्ट आंबट साय, आणि अंड्याचा बलक घालतात व व्हिनेगर-साखरेने चव आंबटगोड करतात (आपल्या आमटीतल्या चिंचगुळाची हमखास आठवण येते). बलक घातल्यानंतर सूप उकळले, की ते फाटते. तेव्हा व्हिनेगर सायीच्या आधी घालावे की अगदी शेवटी? मंडळी मागेपुढे जेवणार असल्याने सूप पुन्हा गरम करावे लागेल; अशा वेळी बलक प्रत्येक वाढीपुरताच वेगळा फेटून घालणे योग्य ठरेल का? माशांचे बारीक गोळे त्यातच शिजवावेत की निराळ्या पाण्यात, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.