आजोबांचा डबल लेन्सचा कॅमेरा: नव्यासारखा करावा की फक्त चालू करावा?

अंबाजोगाईची नात यांचा प्रश्न:

नमस्कार. आमच्या आजोबांचा अंबाजोगाईत छोटा फोटो स्टुडिओ होता. तो बंद होऊन आता पंचवीसेक वर्षे झाली. यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या लोखंडी पेटीत त्यांचा रोलिकॉर्ड कॅमेरा चामड्याच्या कव्हरसह सापडला. खालच्या लेन्सभोवती ‘श्नायडर-क्रॉइझनाख झेनार, 75 मिलिमीटर, 3.5’ असे कोरलेले आहे आणि फोकसची चाकी उजव्या हाताला आहे. शटर 125 आणि 250 वर (म्हणजे सेकंदाच्या तेवढ्याव्या भागावर) व्यवस्थित वाजते, परंतु 1 सेकंदावर ठेवले की पाती उघडतात आणि तशीच उघडी राहतात. वरून पाहताना चित्र धुरकट दिसते आणि पुढच्या बाजूचे चामडे एका कोपऱ्यात सुटले आहे.

मागच्या झाकणावर आजोबांनी कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. त्यांचे शालेय शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाल्यामुळे दुकानाचा हिशेबही ते शेवटपर्यंत उर्दूतच लिहीत असत. गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींकडून मी ती पट्टी वाचून घेतली. तिच्यावर ‘धूप 14, साया 11, बरामदा 9’, म्हणजे ऊन, सावली आणि ओसरी, एवढेच लिहिले आहे. 11 हा लेन्समधल्या, प्रकाश कमीजास्त करणाऱ्या छिद्राचा आकडा आहे हे मला समजते, परंतु 14 आणि 9 हे आकडे छिद्राच्या पट्टीवरही नाहीत आणि शटरच्या पट्टीवरही नाहीत.

माझे चुलते म्हणतात की ही मळकी पट्टी खरवडून काढावी, नवे चामडे लावावे, पितळ घासून चकचकीत करावे आणि कॅमेरा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवावा. मला मात्र त्याने फोटो काढायचे आहेत. जवळच्या शहरातील एका दुरुस्ती करणाऱ्यांनी शटरमध्ये शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब सोडायला सांगितले आहे. ते सोडावेत का, आणि सुरुवात कोठून करावी?

रिळवाला, छत्रपती संभाजीनगर:

ताई, तेल सोडू नका. बाकी सगळे सावकाश ठरवता येईल, पण शटरच्या पात्यांवर एकदा तेल पसरले की ती एकमेकांना चिकटतात आणि मग 125 वरही अडकू लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावरची पेटी भट्टीसारखी तापते. जुने वंगण त्या उष्णतेने पातळ होऊन नको तेथे ओघळते आणि जेथे हवे तेथे मेणासारखे घट्ट होऊन बसते. आपल्या कॅमेऱ्याचे दुखणे हे एवढेच असावे.

आता पट्टीविषयी, कारण आपल्या प्रश्नातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच आहे. शटरजवळ तांबड्या रंगाचे आकडे दिसतात का, ते पाहा. ते असतील आणि फोकसची चाकी उजवीकडे असेल, तर हा रोलिकॉर्ड पाच, म्हणजे 1954 ते 1957 या काळातला. या नमुन्यात शटरची गती आणि छिद्र एकमेकांशी जोडता येतात, आणि त्या जोडीला ईव्ही नावाचा एकच आकडा असतो. 14 लावले की 125 ला 11, 250 ला 8 किंवा 60 ला 16 यांपैकी कोणतीही जोडी घेतली तरी फिल्मवर पडणारा प्रकाश तेवढाच राहतो. आजोबांनी लिहिलेले आकडे हेच आहेत. शंभर एएसएच्या (फिल्म प्रकाश किती पटकन टिपते त्याचे माप) फिल्मला भर उन्हात पुस्तकी हिशेबाने 15 लागते. आकडा एकाने उतरला की प्रकाश दुप्पट होतो. त्यांनी 14 लिहिले, म्हणजे एक घर जास्त प्रकाश दिला. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये सावलीतला तपशील, म्हणजे फेट्याखालचा चेहरा किंवा पदराखालचे कपाळ, राखायचे असेल तर अनुभवी माणूस हेच करतो.

बरामद्याचा 9 हा आकडा आपल्या दुरुस्तीशी थेट जोडलेला आहे. घरातली पाच-सहा माणसे मागेपुढे बसवली तर सगळ्यांना फोकसमध्ये धरण्यासाठी निदान 8 चे छिद्र हवे, आणि 9 ईव्हीला 8 चे छिद्र म्हणजे शटर सेकंदाच्या आठव्या भागावर. आज अडकते ती हीच मंद गतीची बाजू. ती नीट झाली नाही, तर हा कॅमेरा फक्त उन्हात चालेल.

चुलत्यांना माझा नमस्कार सांगा आणि पट्टी वाचवा. वरची धूसरता बहुधा आतल्या आरशावरची धूळ असेल. त्या आरशाची चांदी काचेच्या पुढच्या बाजूला असते, त्यामुळे रुमालाने पुसला तर धुळीबरोबर चांदीही निघते. आधी रबरी फुग्याने हवा मारून पाहा. शिवाय वरची लेन्स केवळ पाहण्यासाठी असते. ती धूसर असली तरी फोटोत काही फरक पडत नाही.

घड्याळजी, जालना:

मी चाळीस वर्षे मनगटी घड्याळे उघडली आणि त्यातली शेवटची पंधरा वर्षे हौसेने कॅमेऱ्यांची शटरेही उघडतो आहे. रिळवाले दादांचे म्हणणे बरोबर आहे, पण ‘तेल कधीच नाही’ असे मी म्हणणार नाही. मंद गतीसाठी शटरच्या कडेला चाकांची एक वेगळी छोटी जुळणी असते. तिच्या टोकाला घड्याळातल्यासारखाच एक अँकर मागेपुढे हलत असतो. 1 सेकंदावर जो बारीक ‘घर्रर्र’ आवाज यायला हवा, तो त्याचा. आपल्याकडे तो येत नाही, याचा अर्थ चाके वाळलेल्या वंगणात रुतली आहेत.

या कॅमेऱ्यात पुढच्या फळीचे चार स्क्रू चामड्याखाली असतात, म्हणजे आपले सुटलेले चामडे ही एका अर्थी सोयच आहे. ते ओढू नका. केस सुकवण्याच्या यंत्राने हलकी ऊब द्या आणि लाकडी पट्टी सरकवत ते अखंड सोडवा. जुने चामडे ठिसूळ असते आणि घाई केली तर बिस्किटासारखे तुटते. स्क्रूच्या खाचेत अचूक बसणाराच पेचकस घ्या. चाकांची ती जुळणी आम्ही घड्याळासाठी वापरतो त्या पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुवावी, सुकू द्यावी, पुन्हा धुवावी. पेट्रोल ज्वालाग्राही असल्याने खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास निरांजनसुद्धा नको. माझ्या अनुभवात दहांपैकी आठ शटरे एवढ्यावरच बोलू लागतात. त्यानंतर चाकांच्या आसांवर सुईच्या टोकावर मावेल एवढे घड्याळाचे तेल चालते. पाती मात्र कोरडीच राहिली पाहिजेत. चामडे परत बसवताना झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरते.

तोपर्यंत दोन गोष्टी पाळा. शटर चढवल्यावर 500 वर नेऊ नका, ती गती आधी लावून मगच चढवा. आणि सेल्फ टायमरला हात लावू नका. जुन्या शटरमध्ये तो अर्ध्यावर अडकला की अख्खे शटर बंद पडते.

परभणीचा संग्राहक:

मूल्याच्या अंगाने थोडे लिहितो. चकचकीत केलेला जुना कॅमेरा दिसला की जाणकार ग्राहक खूश होण्याऐवजी सावध होतो. याचे कारण जुन्या बाजारात फिरणारे सोनेरी ‘लायका’. त्यांतले बहुतेक रशियन झोर्की किंवा फेड असतात, ज्यांच्यावर नवा मुलामा चढवून जर्मन नाव कोरलेले असते. लेन्स काढून आत पाहिले तर खऱ्या लायकात रेंजफाइंडरच्या, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रणेच्या, दांडीच्या टोकाला गोल चाकी असते, रशियनमध्ये पाचरीसारखा तुकडा असतो. हे कळण्याआधी मीही एकदा फसलो आहे. त्यामुळे अंगठ्याने झिजलेले चामडे आणि आजोबांच्या हाताची पट्टी यांना मी कॅमेऱ्याचा दाखलाच समजतो.

एक विसरू नका. चामड्याचे कव्हर वेगळे ठेवा. पावसाळ्यात ते ओल धरते आणि लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. ती वेळीच पुसली तर निघते, पण काच खाल्ली गेली की डाग कायमचा राहतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवा, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून घ्या. रोल घरी धुणार असाल तर ते थंडीतच उरका. डेव्हलपर 20 अंशांवर ठेवायचा असतो आणि एप्रिलमध्ये आपल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी त्याच्या कितीतरी वर असते.

अंबाजोगाईची नात:

सर्वांचे मनापासून आभार. तांबडे आकडे आहेत, धुळीखाली झाकले गेले होते. घड्याळजी काका, मला स्वतःला धीर झाला नाही, म्हणून येथल्याच एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांना आपला मजकूर वाचून दाखवला आणि त्यांच्या शेजारी बसून काम करून घेतले. तिसऱ्या धुण्यानंतर तो ‘घर्रर्र’ आवाज आला. मागचे झाकण उघडून मोबाइलवर सेकंदाला 240 चित्रांच्या गतीने शटर टिपले. 1 सेकंदाला 240 ऐवजी 262 चित्रे आली आणि आठव्या भागाला 30 ऐवजी 34. एवढा फरक चालेल असे मी समजते.

पट्टी जागच्या जागी आहे. तिच्यावरच्या आकड्यांवरच पहिला रोल काढला, बारा फोटो, आणि मागच्या रविवारी धुतला. उन्हातले आणि सावलीतले सगळे नीट आले. बरामद्यासाठी ओसरीवर चुलत्यांनाच खुर्चीत बसवले होते, 9 लावून, 8 चे छिद्र आणि आठव्या भागाचे शटर. ओसरीचा लाकडी खांब इतका स्वच्छ आला आहे की त्याच्यावरच्या खिळ्यांची भोके मोजता येतात. चुलत्यांचा चेहरा मात्र हलला आहे, कारण शटर वाजत असतानाच त्यांनी ‘झाला का?’ असे विचारले.