शब्दचर्चा : प्रकाशतंतूतला 'लॉस' – क्षीणन, घट की लोप? आणि कंपनाचं काय?

शब्दवेडी

प्रकाशतंतूंच्या देखभालीवरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. वाचणार आहेत केबल टाकणारी आणि सांधणारी मुलं, बहुतेक आयटीआय झालेली. मूळ मजकुरात 'लॉस' आणि 'अटेन्युएशन' पानोपानी येतात, कधी एकमेकांच्या जागीसुद्धा. माझ्या मसुद्यात त्यांच्यासाठी हानी, ऱ्हास, तोटा, घट, क्षीणन असे पाच शब्द झाले आहेत आणि हे बरोबर नाही एवढं मला कळतं. शेवटचं प्रकरण तंतूने कंपन मोजण्याबद्दल आहे. तिथे कंपन, आंदोलन, स्पंदन यांतलं काय घ्यावं? रोज हे काम करणाऱ्यांनी आणि भौतिकी शिकवलेल्यांनी सांगावं.

केबलवाला

ताई, आमच्याकडे सगळ्याला 'लॉस' म्हणतात, पण म्हणताना माणसाच्या डोळ्यांपुढे वेगवेगळ्या गोष्टी असतात. ओटीडीआर, म्हणजे तंतूत प्रकाश सोडून परत येणारा प्रकाश वाचणारं यंत्र, त्याचा आलेख बघितला की ते लगेच कळेल. आडव्या रेषेवर अंतर, उभ्या रेषेवर डेसिबल. रेघ डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत जाते. हा उतार म्हणजे काचेचा स्वतःचा गुण. प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटर असेल तर किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल, १३१० ला ०.३५ च्या आसपास. मध्येच रेघ एक पायरी खाली येते, तो सांधा किंवा वाक. कुठे सुळका वर उठतो, तिथे कनेक्टर असतो आणि त्याच्या तोंडावरून प्रकाश उलटा आलेला असतो. शेवटी एक मोठा सुळका आणि त्यानंतर नुसती खरखर. तंतू तिथे संपला.

उताराला आणि पायरीला एकच शब्द वापरला, तर पोरगा केबल बदलायची की सांधा परत मारायचा, यात घोळ घालेल. माझं मत: उताराला क्षीणन, पायरीला घट. एकक बघितलं तरी ओळखता येतं. 'डेसिबल प्रति किलोमीटर' असेल तर क्षीणन, नुसतं 'डेसिबल' असेल तर घट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची बेरीज हवी असेल तर 'एकूण घट' म्हणा.

आणि तिसरा लॉस विसरू नका. घरातल्या डब्यावर लाल दिवा लागतो, त्याखाली एलओएस, म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल', लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक फोन करून सांगतं, 'लॉस आलाय.' तिथे प्रकाश कमी झालेला नसतो, तो पोचतच नसतो.

निवृत्त मास्तर

केबलवाल्यांनी केलेली विभागणी भौतिकीच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. क्षीणन हा शब्द 'क्षीण होणे' यावरून आलेला आहे, त्यात सावकाश चालणारी क्रिया अभिप्रेत आहे. काचेत नेमकं तेच घडतं. प्रत्येक किलोमीटर उरलेल्यातला ठरावीक हिस्सा घेतो. ०.२ डेसिबल म्हणजे साधारण साडेचार टक्के. १५ किलोमीटरवर ३ डेसिबल होतात आणि प्रकाश निम्मा उरतो. पुढच्या १५ ला उरलेल्याचा निम्मा. 'तोटा' आणि 'हानी' हे शब्द पैशाच्या आणि नुकसानीच्या जवळचे आहेत, ते इथे नकोत.

'ऱ्हास' मात्र राखून ठेवा, कारण त्याला वेगळं काम आहे. प्रकाशाची शक्ती पुरेशी पोचते, पण संदेश वाहणारे प्रकाशाचे छोटे तुकडे, म्हणजे स्पंद, पसरट होऊन एकमेकांत मिसळतात, असंही घडतं. कारण अपस्करण: निरनिराळ्या तरंगलांबींचा वेग काचेत सारखा नसतो. तिथे घट नसते, पण संदेशाचा दर्जा ढासळतो. तो 'संदेशाचा ऱ्हास'.

लाल दिव्यासाठी 'संदेशलोप' सुचवतो. व्याकरणात आपण वर्णलोप म्हणतोच, लोप म्हणजे नाहीसं होणं, हे मुलांना परकं वाटणार नाही.

क्षीणन का महत्त्वाचं, याचा इतिहास पुस्तिकेत एका चौकटीत द्यावा असं मला मनापासून वाटतं. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धींचा आहे, आणि क्षीणन किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत आणता आलं तर तंतूतून संदेशवहन जमेल. त्या काळच्या चांगल्या काचेचं क्षीणन १००० डेसिबलच्या घरात होतं. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंगमध्ये मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी १७ डेसिबल करून दाखवलं. काओंना २००९ साली नोबेल मिळालं. त्यांनी एका किलोमीटरसाठी जी मर्यादा धरली होती, तेवढ्यात आज प्रकाश १०० किलोमीटर जातो.

शब्दवेडी

मास्तर, चौकट नक्की देते. एक शंका. 'उणे २४ डीबीएमची घट' असं एका ठिकाणी लिहिलंय. हे बरोबर आहे का?

केबलवाला

नाही ताई, हे खोडाच. डीबीएम ही शक्तीची पातळी आहे, एक मिलिवॉटच्या तुलनेत. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. उणे २४ म्हणजे त्याच्या अडीचशेव्या भागाएवढी शक्ती मीटरवर दिसतेय. घट म्हणजे दोन पातळ्यांतला फरक, तिला एकक डेसिबल आणि चिन्ह नाही. निघताना अधिक ३ डीबीएम आणि घरात उणे २१ डीबीएम, तर घट २४ डेसिबल. फील्डवर आम्ही 'पॉवर किती येतेय?' 'एकोणीस' एवढंच बोलतो, उणे गृहीत असतं. पण छापील पुस्तकात उणे लिहायलाच हवं.

अजून एक. 'अंतर' हा शब्द जपून वापरा. ओटीडीआर दाखवतो ती तंतूची लांबी. केबलीच्या आत तंतू किंचित सैल असतो, प्रत्येक चेंबरमध्ये वेटोळी ठेवलेली असतात. यंत्रावर ८.४ किलोमीटरला तुटलंय दिसलं म्हणून गाडीच्या मीटरवर ८.४ मोजून खणलं, तर भलतीकडेच खड्डा होतो. 'तंतूची लांबी' आणि 'रस्त्यावरचं अंतर' हे दोन वेगळे शब्द पुस्तकभर ठेवा. आमचा अर्धा दिवस या एका शब्दावर जातो.

निवृत्त मास्तर

यंत्र ती लांबी वेळेवरून काढतं, हेही लिहा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरच्या जाण्यायेण्याला जवळजवळ १० मायक्रोसेकंद. नेमका आकडा काचेच्या अपवर्तनांकावर ठरतो, आणि तो यंत्रात चुकीचा भरला तर सगळ्या लांबी चुकतात.

आता कंपनाकडे. 'स्पंदन' घेऊ नका. यंत्र तंतूत सोडतं त्या प्रकाशाच्या छोट्या तुकड्याला 'स्पंद' म्हणावं लागणार, मग 'स्पंद सोडून स्पंदन मोजणे' असं वाक्य होईल. 'आंदोलन' विश्वकोशात आहे, पण वर्तमानपत्रांमुळे त्याचा पहिला अर्थ मोर्चा झाला आहे. 'कंप' हा एकदा बसलेला हादरा, भूकंपातला. 'कंपन' म्हणजे पुन्हापुन्हा होणारी हालचाल. मापनासाठी कंपनच योग्य.

फ्रीक्वेन्सीसाठी विश्वकोशात 'कंप्रता' आहे, शाळेत 'वारंवारता'. तुमच्या वाचकांना शाळेतलाच ओळखीचा असणार, तो ठेवा. मात्र यंत्र सेकंदाला किती स्पंद सोडतं त्याला वारंवारता म्हणू नका, 'स्पंददर' म्हणा. दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात येतात. ५० किलोमीटरच्या तंतूत एक स्पंद जाऊन यायला ५०० मायक्रोसेकंद लागतात, आणि तोवर दुसरा सोडता येत नाही. म्हणजे स्पंददर जास्तीत जास्त २०००. अशा मांडणीत पकडता येणारी कंपनाची वारंवारता त्याच्या निम्मी, १००० हर्ट्झ. दोन्हीला एकच शब्द असेल, तर हा 'निम्मी' कुठून आला ते कोणालाच कळणार नाही.

शब्दवेडी

मला मुळात हेच नीट कळलेलं नाही, की नुसत्या काचेच्या तंतूला कंपन कळतं कसं? ते कळल्याशिवाय वाक्य लिहिता येत नाहीये.

निवृत्त मास्तर

विचारलंत ते फार बरं झालं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

काच गोठताना तिची घनता सूक्ष्म पातळीवर एकसारखी राहत नाही. त्या असमानतेवर प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. हे लॉर्ड रॅली यांच्या नावाचं प्रकीर्णन. आकाश निळं दिसतं ते याच प्रकाराने. तरंगलांबी वाढली की ते चौथ्या घाताने कमी होतं, म्हणून १३१० पेक्षा १५५० ला क्षीणन कमी. आजच्या चांगल्या तंतूतलं बहुतांश क्षीणन या प्रकीर्णनाचंच आहे आणि ते कधीच शून्य करता येणार नाही.

विखुरलेल्यातला अगदी थोडा भाग मागे, सोडणाऱ्याकडे परततो. घाटात धुकं असताना गाडीचा दिवा आपल्याच डोळ्यांवर येतो, तसा. ओटीडीआर तोच परतलेला प्रकाश वाचतो. म्हणजे ज्यामुळे क्षीणन होतं, त्याच्याच जोरावर क्षीणन मोजलं जातं. कंपनमापनात यापुढची पायरी आहे. लेझर अतिशय शुद्ध, एकाच तरंगलांबीचा घेतात आणि परतलेल्या प्रकाशाची नुसती शक्ती न बघता कला (फेज), म्हणजे तरंग आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, बघतात. जवळून रेल्वे गेली, कोणी खणू लागलं, तर तंतू तिथे नॅनोमीटरच्या हिशेबात ताणला जातो आणि कला बदलते. साधारण दर १० मीटरच्या तुकड्याचं कंपन असं वेगळं वाचता येतं. तेलवाहिन्यांच्या राखणीला ही पद्धत वापरतात.

इथे 'विकिरण' लिहू नका. शालेय पुस्तकात तो शब्द याच अर्थाने येतो हे खरं, पण हिंदीत विकिरण म्हणजे प्रारण (रेडिएशन), आणि तुमची मुलं हिंदी माहितीपत्रकंही वाचणार. 'प्रकीर्णन' ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'प्रकाश विखुरणे' असं उकलून सांगा.

समुद्राखालच्या केबलींबद्दलही थोडं यावं. २०१८ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या जुझेप्पे मार्रा आणि सहकाऱ्यांनी चालू दूरसंचार तंतूंवर भूकंप टिपल्याचं दाखवलं, त्यात माल्टा-सिसिली ही समुद्राखालची केबलही होती. तिथे मागे विखुरलेला प्रकाश वापरलेला नाही, तर संपूर्ण लांबीतून जाऊन आलेल्या प्रकाशाची कला मोजली. म्हणून त्याला 'तुकड्यातुकड्यांचं मापन' म्हणता येणार नाही. मुख्य पद्धतीसाठी 'वितरित मापन' हा शब्द अडखळवतो, 'सलग मापन' अर्थाला जवळ जातो असं माझं मत.

केबलवाला

'सलग मापन' मस्त आहे, पोरांना पटकन कळेल.

'व्हायब्रेशन लॉस' असा जोडशब्द मूळ मजकुरात कुठे असेल तर तो फोडून लिहा. रेल्वेसाठीची केबल थरथरत्या टेबलावर ठेवून तपासतात आणि त्या वेळी प्रकाश किती कमी होतो ते बघतात. ती 'कंपनामुळे होणारी घट'. तंतूने बाहेरचं कंपन मोजणं ही वेगळीच गोष्ट. 'कंपनघट' असा समास केला तर दोन्ही अर्थ निघतील. विभक्ती लावा, प्रश्न मिटतो.

'बेंड'ला 'वळण' नको, वळण रस्त्याला असतं. 'वाक' चालेल. वाक ओळखायची खूण पण लिहा: १३१० ला रेघ सरळ आणि त्याच जागी १५५० ला पायरी दिसली, तर सांधा नव्हे, तंतू कुठेतरी आवळलाय. डबा उघडून बघावं, टाय जास्त घट्ट ओढलेला सापडतो.

शब्दवेडी

खूप उपयोगी पडतंय. शेवटचा अडलेला शब्द: 'गेनर'. सांध्यावर घट न होता वाढ दिसते असं लिहिलंय. हे छपाईचं चुकलंय का?

केबलवाला

चुकलेलं नाही. पायरी खाली जायच्या ऐवजी वर जाते. दोन वेगळ्या जातीचे तंतू जोडले आणि पुढचा तंतू प्रकाश जास्त मागे विखुरणारा असला, की यंत्राला जास्त प्रकाश परत मिळतो आणि ते त्याला वाढ समजतं. सांध्यात प्रकाश कधी वाढत नाही. तुम्ही 'आभासी वाढ' लिहा. आणि त्याच ओळीत हेही: एका टोकाने मोजल्यावर ०.२५ डेसिबल घट आणि दुसऱ्या टोकाने ०.१५ वाढ दिसली, तर खरी घट दोन्हींची सरासरी, ०.०५. दुसऱ्या टोकाला जायचा कंटाळा करून सांधा तोडू नये.