मदत हवी आहे: डॉबरमन स्लीव्ह (चाव्याच्या सरावाची जाड बाही) तोंडभर धरत नाही, पुढच्या दातांनी धरून सोडतो

करवीर_डॉबी (सोमवार, रात्री ९:४२)
नमस्कार. डॉबरमन नर आहे, आयजीपीसाठी (माग, आज्ञापालन आणि चावा अशी तिहेरी परीक्षा) तयार करतोय. आठवडा झाला, स्लीव्ह नुसती पुढच्या दातांनी चिमटीत धरल्यासारखी धरतो. दोन-तीन सेकंदांत सोडतो, परत धरतो, परत सोडतो. आधी दाढेपर्यंत भरून घ्यायचा, लोंबकळला तरी सुटायचा नाही. हेल्पर (स्लीव्ह घालून चावा झेलणारा) तोच, मैदान तेच, वेळ तीच. तीन महिन्यांनी ट्रायल आहे. काय करू? 'चांगल्या ट्रेनरला दाखवा' हे कृपा करून सांगू नका. रविवारी परत सेशन आहे, त्याच्या आत उत्तर पाहिजे.

ट्रॅकलाइन (रात्री १०:०५)
वय किती? स्लीव्ह मऊ की कडक? लाइन (लांब दोरी) गळपट्ट्याला लावता की हार्नेसला? हेल्पर काठी दाखवतो का? यातलं काहीच लिहिलेलं नाही. 'गाडी चालू होत नाही, काय करू' असं झालं हे.

मुधोळप्रेमी (रात्री १०:११)
भावा, परदेशी कुत्र्याचा नाद कशाला? आपल्या मातीतलं मुधोळ घ्या. ऊन सोसतं, खायला कमी लागतं, पळण्यात याच्या बापाला ऐकत नाही.

ट्रॅकलाइन (रात्री १०:१४)
मुधोळ नजरेवर पळणारं शिकारी कुत्रं. नाक खाली ठेवून तीनशे पावलं माग काढायला ते बनलेलं नाही. प्रश्न स्लीव्हचा आहे हो.

करवीर_डॉबी (रात्री १०:३०)
वयाचा काय संबंध? दात कधीच आलेत. स्लीव्ह नेहमीचीच, लाइन गळपट्ट्याला. काठी गेल्या महिन्यापासून दाखवतोय, मारत नाही. खाणं-पिणं व्यवस्थित, खेळतो, बॉलवर तर तुटून पडतो. फक्त स्लीव्हचंच झालंय.

उद्यमनगर_फिटर (रात्री १०:४८)
गळपट्ट्याला लाइन म्हणजे चावा घेऊन मागं ओढलं की गळा आवळतो. कुत्र्याला एकच कळतं, धरलं की श्वास कोंडतो. चाव्याच्या कामाला हार्नेसच पाहिजे, छातीवर रुंद पट्टी असलेला. विकत महाग पडतो. आपल्याकडं चप्पलवाल्यांकडून म्हशीच्या कातड्याचा करून घ्या. छातीची पट्टी पाच सेंटिमीटर, आतून नमदा, शिवण दुहेरी. नुसत्या रिबिटावर जाऊ नका, उपटून येतात. डी-कडी वेल्ड केलेली घ्या, वाकवलेली उघडते. खांबाला बांधून काम असेल तर लाइन आणि खांबाच्या मधे ट्रकच्या ट्यूबची हातभर पट्टी घाला, झटका ट्यूब खाते, मान वाचते.

डॉबी_दणका (रात्री ११:०२)
ट्यूब-बिब सोडा. कुत्रं नरम आहे. हेल्परला सांगा अंगावर जा, काठी दाखव, दाब दे. दाबाखाली धरायला शिकलं तरच ट्रायलला टिकेल. डॉबरमन राखणीसाठी काढलेली जात आहे. अपोल्डाच्या कर वसूल करणाऱ्या लुई डोबरमानने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केली, पाळण्यात घालून झुलवायला नाही.

ट्रॅकलाइन (रात्री ११:१५)
हा सल्ला पाळला तर आठवड्यात कुत्रं स्लीव्ह बघून मागं सरेल. पुढच्या दातांचा चावा ही तक्रार असते. कुत्रं म्हणतंय, मला इथून सुटायला जागा ठेवायचीय. त्यावर आणखी दाब टाकला तर ते पूर्णच सुटणार. शिवाय डॉबरमनचा जबडा लांब आणि निमुळता, मॅलिनॉइस या बेल्जियन जातीसारखा आपोआप भरून येत नाही. तोंडभर पकड शिकवावी लागते आणि टिकवावी लागते. डोकंही उशिरा पिकतं, अडीच-तीन वर्षं धरून चाला. करवीर, वय सांगा. दुसऱ्यांदा विचारतोय.

करवीर_डॉबी (मंगळवार, सकाळी ६:५०)
नऊ पूर्ण, दहावा महिना चालू. झालं?

बीएच_आधी (सकाळी ७:२०)
मग तीन महिन्यांनी कसली ट्रायल? आयजीपी १ ला कुत्रं किमान १८ महिन्यांचं लागतं, आणि त्याआधी बीएच (आज्ञापालन आणि वागणुकीची परीक्षा) पास पाहिजे, तिला किमान १५ महिने. तुमचं तेव्हा बारा पूर्ण, तेरावा चालू असेल. बीएचमध्ये चाव्याचं कामच नसतं. पट्ट्यासह आणि पट्ट्याविना पायाशी चालणं, बसणं, झोपवून बोलावणं, दुसरं कुत्रं काम करत असताना पडून राहणं. ६० पैकी ४२ गुण मिळाले की मग रस्त्यावरची परीक्षा: गर्दी, सायकल, पळणारा माणूस, दुसरी कुत्री. तिची तयारी आत्तापासून करा. हंगाम चालू आहे, उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेला सुरुवातीला पन्नास फुटांवर बसवा, दर दोन-तीन दिवसांनी जवळ सरका. ते जमलं की संध्याकाळी कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या चौकात. तिथं शांत बसलं की कुठंही बसेल.

करवीर_डॉबी (सकाळी ७:४१)
बरं, ट्रायल राहू दे. पण माझा प्रश्न चाव्याचा आहे.

शेपूट_सलामत (सकाळी ८:०३)
कान उभे केलेत का? टेपिंग चुकलं तर एक कान कायम पडतो. पाच-सात दिवसांनी टेप बदलायचा, आत ओल राहिली की बुरशी.

ट्रॅकलाइन (सकाळी ८:१०)
कानाने कोण चावतंय?

प्राण्यांची_ओपीडी (सकाळी ८:३५)
दहाव्या महिन्यात चावा अचानक बदलला तर आधी तोंड, मग ट्रेनिंग. दात 'आले' म्हणजे पक्के झाले असं नव्हे. सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस दात दिसतात, पण सुळ्याच्या मुळाचं टोक बंद व्हायला नऊ-दहा महिने लागतात. तोवर लोंबकळवणं धोक्याचं. आज उजेडात ओठ उचलून एवढं बघा: चारही सुळ्यांचा रंग सारखा आहे का, एखादा गुलाबी किंवा राखाडी झालाय का (असेल तर आत मार बसलाय), हिरडीच्या कडेला लाल रेघ आहे का, दुधाचा सुळा शेजारी उरलाय का. मग कोरड्या कापडाच्या बोळ्याने दात एकेक करून बाजूला दाबा. ज्याला डोकं झटकेल तो लक्षात ठेवा.

दुसरं, गोचीड. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत बघा. हिरडी फिकी असेल, ताप असेल (३९.२ सेल्सियसच्या वर) तर रक्त तपासून प्लेटलेट बघून घ्या. गोचीडताप असलेलं कुत्रं कधी कधी बॉलवर पळतं पण ताकदीचं काम टाळतं. डॉक्सिसायक्लिन मनाने सुरू करू नका. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टर देतील तेवढे दिवस पूर्ण द्यायचं, सहसा २८.

डॉबी_दणका (सकाळी ९:१२)
प्रत्येक गोष्टीत आजार शोधायचा. चिकनचे पाय कच्चे द्या रोज, बास.

प्राण्यांची_ओपीडी (सकाळी ९:३०)
कच्च्यावर वेगळा धागा काढा. इथं एवढंच: कामाआधी तीन तास आणि कामानंतर किमान तासभर पोटभर जेवण नको, कच्चं असो वा शिजलेलं. खोल छातीच्या जातीत पोट फुगून पिळा पडतो, मग तासाभराचा खेळ असतो.

उद्यमनगर_फिटर (सकाळी ११:०५)
करवीर, स्लीव्हचा फोटो टाका. दातांच्या खुणा सगळं सांगतात.

करवीर_डॉबी (दुपारी १:२०)
टाकलाय. कव्हर नवीन आहे म्हणून खुणा कमी दिसतील. जुनं फाटलं, गेल्या आठवड्यात पोत्याचं शिवून घेतलं.

उद्यमनगर_फिटर (दुपारी १:४४)
कसलं पोतं?

करवीर_डॉबी (दुपारी १:५०)
घरात असतं तेच. युरियाचं. धुऊन घेतलंय.

उद्यमनगर_फिटर (दुपारी २:०८)
आता गं बया. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं.

फोटो मोठा करून बघा. कव्हरच्या वरच्या कडेला चार भोकं, सुळ्यांची. दाढेची एकही खूण नाही. भोकांच्या भोवती पांढरे धागे उपटून आलेत आणि डावीकडच्या भोकाशी तपकिरी डाग आहे, ते रक्त वाटतंय. युरियाचं पोतं म्हणजे प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्यांचं विणकाम. सुतळीत सुळा रुततो आणि धागे बाजूला सरून त्याला जागा देतात. प्लॅस्टिकच्या पट्ट्या सरत नाहीत, दातामागं आवळतात. कुत्रं मागं ओढतं तसा सुळा फासात अडकल्यागत ओढला जातो. वर ते गुळगुळीत, दाढेला पकड मिळत नाही. धुतलं तरी शिवणीत खत राहतं, त्याची चव वेगळीच. म्हणजे तोंडभर धरलं की दुखतं, टोकाला धरलं की कमी दुखतं. तुमचं कुत्रं शहाणं आहे.

ट्रॅकलाइन (दुपारी २:२०)
मान गए. पण माझंही खोटं नाही. नऊ महिन्यांच्या पिल्लाला कडक स्लीव्ह, गळपट्टा आणि काठी, तिन्ही एकदम. नुसतं कव्हर बदलून भागणार नाही.

डॉबी_दणका (दुपारी २:३१)
पोत्याचं मला कसं कळणार? सांगितलंच नाही त्यांनी.

करवीर_डॉबी (बुधवार, रात्री ८:१५)
दाखवून आलो. वरच्या डाव्या सुळ्याच्या मुळाशी हिरडी सुजलेली, चिमट्याने प्लॅस्टिकचा धागा निघाला, दीड इंच. दात हलत नाही, रंग ठीक. तीन आठवडे चावा बंद, ओढाओढीचं खेळणंही बंद. गोचीड दोन निघाले, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. आता तीन आठवडे याला काय करवू? घर खाईल हा.

बीएच_आधी (रात्री ८:४०)
माग काढा की! आयजीपीचे १०० गुण त्यातच आहेत आणि आयजीपी १ ला माग तुम्हीच चालायचा असतो, ३०० पावलं, दोन कोपरे, दोन वस्तू, २० मिनिटं जुना. आत्ता शेतं मोकळी आहेत. भुईमूग काढून नांगरलेलं रान उत्तम. सोयाबीनचे खुंट पायाला टोचतात, उसाच्या पाचटात पाऊल उमटत नाही, ती रानं नकोत. पहाटे दव असताना, सातच्या आत.

सुरुवातीला एक मीटर चौकोन पायाने तुडवा, त्यात उकडलेल्या चिकनचे नखाएवढे वीस-पंचवीस तुकडे टाकून नाकाने शोधू द्या. हिरडी दुखरी आहे, तुकडे मऊच ठेवा. चार दिवसांनी सरळ रेघ, तीस पावलं, प्रत्येक पावलाच्या टाचेत एक तुकडा. पाऊल नेहमीचं टाका, घासत चालू नका. त्याने डोकं वर केलं की लाइन ओढू नका, थांबा. नाक खाली गेलं की पुढं. लगेच तुकडे कमी करायची घाई नको. सगळे तिथंच चुकतात, दुसऱ्या आठवड्यात दहा पावलांवर एक तुकडा टाकतात आणि कुत्रं मधली नऊ पावलं पळत सुटतं. कोपरा महिन्यानंतर, आणि कोपऱ्यानंतरच्या दहा पावलांत परत भरपूर तुकडे.

शेपूट_सलामत (रात्री ९:०२)
नर चांगला असेल तर पुढे वीण घेणार का? पिल्लू बुक करायचंय.

प्राण्यांची_ओपीडी (रात्री ९:२५)
दहा महिन्यांच्या नराला? डॉबरमनमध्ये डीसीएम आहे, हृदय पसरत जातं आणि वर्षानुवर्षं बाहेरून काही दिसत नाही. वयाच्या तीन वर्षांपासून दरवर्षी २४ तासांचा होल्टर (ठोक्यांची सलग नोंद) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी). होल्टरमध्ये वरचेवर जादा ठोके निघाले तर कुत्रं कितीही भारी काम करो, वीण नाही. फॉन विलेब्रांड या रक्तस्रावाच्या आजाराची डीएनए चाचणी एकदाच करावी लागते, ती आताही करून ठेवा. रक्त न थांबणारं कुत्रं दात काढायच्या वेळी कळू नये. आणि पिल्लू घेणार असाल तर आठ आठवड्यांच्या आतलं कोणी देत असेल तर घेऊ नका, २०१७ च्या नियमांत ते बसत नाही.

ट्रॅकलाइन (रात्री ९:५०)
तीन आठवड्यांनंतर थेट स्लीव्हवर जाऊ नका. दोन मुठींची सुतळीची उशी घ्या. हार्नेस, लाइन कायम ताणलेली. हेल्परने उशी कुत्र्याच्या छातीच्या उंचीला आडवी धरायची, वरून खाली नाही. स्वतः आडवं सरकायचं, कुत्र्याच्या अंगावर यायचं नाही. धरल्यावर ओढाओढ नको. हेल्परने हात किंचित ढिला सोडायचा, कुत्रं पुढं ढकलून दाढेपर्यंत भरून घेतं, त्या क्षणी उशी त्याची. घेऊन शांत गोल चालवा, गळपट्ट्याला हात धरून, फेकू देऊ नका. तीन चावे, बास. आठवड्यात तीनच दिवस. काठी एक वर्षाच्या पुढं.

करवीर_डॉबी (गुरुवार, सकाळी ७:०५)
ठीक. सुतळीचं पोतं मिळत नाही पण. जिथं बघावं तिथं प्लॅस्टिक.

उद्यमनगर_फिटर (सकाळी ७:३०)
रेशन दुकानात विचारा, गहू-तांदूळ सुतळीच्या पोत्यात येतो. नाहीतर मार्केट यार्डात. जुनं मऊ पडलेलं घ्या, नवं करकरीत नको. उलटं करून झटका, भिजवून दोन दिवस उन्हात.

करवीर_डॉबी (सकाळी ७:३८)
पदर किती?

उद्यमनगर_फिटर (सकाळी ७:५२)
दोन. शिवण चाव्याच्या बाजूला येऊ देऊ नका, मागं घ्या. दाभणाने सुतळीनेच शिवा. नायलॉनचा दोरा वापरलात तर परत इथं येऊ नका.